इथेनॉल जितकं कोरडं, तितका ॲल्युमिनियमला धोका: असं का होतं?

आसवनीकर

ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलवरच्या प्रत्येक चर्चेत एक वाक्य हमखास येतं: इथेनॉल पाणी ओढतं आणि पाण्याने गंज लागतो. ते खरंच आहे, पण ती अर्धीच बाजू झाली. मी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत देखभालीचं काम करतो. तिथे उरलेली अर्धी बाजू रोज समोर असते. ॲल्युमिनियम, टायटॅनियम, मॅग्नेशियम या धातूंना अल्कोहोलमध्ये सांभाळतं ते बहुतेक वेळा पाणीच. ते पूर्ण काढून टाकलं की हेच धातू अल्कोहोलमध्ये झिजायला लागतात. मराठीत यावर लिहिलेलं मला कुठे सापडलं नाही, म्हणून हा धागा.

आधी थराबद्दल. ॲल्युमिनियम तसा भलताच क्रियाशील धातू. तरी त्याची पातेली वर्षानुवर्षं टिकतात, कारण हवेत त्याच्यावर ऑक्साइडचा थर आपोआप येतो. हा थर असतो अवघा २ ते ४ नॅनोमीटर जाड. एका मिलिमीटरच्या जाडीत असे तीनेक लाख थर मावतील. ओरखडा पडला की खालचा उघडा धातू लगेच ऑक्सिजन किंवा ओलावा पकडतो आणि जखमेवर खपली धरावी तसा थर पुन्हा धरतो. म्हणजे थर एकदा आला आणि कायमचा राहिला, असं नसतं. तो सतत कुठे ना कुठे तुटत असतो आणि सतत दुरुस्त होत असतो. दुरुस्तीला लागणारा ऑक्सिजन द्रवाच्या आत पुरवण्याचं काम मुख्यतः पाणी करतं.

आता हाच धातू इथेनॉलमध्ये बुडवला तर? इथेनॉलच्या रेणूतही ऑक्सिजन आहे, मग त्याच्यापासून थर का बनू नये? सगळी मेख इथेच आहे. पाण्याशी संयोग झाला की ॲल्युमिनियमचं ऑक्साइड किंवा हायड्रॉक्साइड बनतं. ते विरघळत नाही, जागच्या जागी चिकटून बसतं. इथेनॉलशी संयोग झाला की ॲल्युमिनियम इथॉक्साइड बनतं आणि हायड्रोजन वायू सुटतो. इथॉक्साइड धातूला धरून राहत नाही, सुटून जातं. खाली पुन्हा उघडा धातू, त्यावर पुन्हा इथेनॉल. शिवाय या क्रियेत उष्णता बाहेर पडते, त्यामुळे एकदा सुरू झाली की ती वेग घेते. सुरुवातीला बराच वेळ काहीच घडत नाही, कारण हवेत आलेला जुना थर तग धरून असतो. तो एका ठिकाणी फुटला की मात्र बघता बघता खड्डे पडतात.

इंधनासाठीचं इथेनॉल आम्ही कसं करतो ते सांगितलं की धोका कुठे आहे ते कळेल. साध्या ऊर्ध्वपातनाने इथेनॉल वजनाने ९५.६ टक्क्यांच्या पुढे जात नाही. त्या टप्प्यावर पाणी आणि इथेनॉल एकत्रच उकळतात. उरलेलं पाणी काढायला वाफ मॉलिक्युलर सिव्हमधून, म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या दाण्यांच्या चाळणीतून नेतात. त्या दाण्यांची छिद्रं ३ अँगस्ट्रॉमची, म्हणजे ०.३ नॅनोमीटरची असतात. पाण्याचा रेणू आत शिरतो, इथेनॉलचा मोठा, तो बाहेरच राहतो. पलीकडे निघते ती शंभर अंशांच्या वर तापलेली, जवळजवळ निर्जल इथेनॉलची वाफ. ॲल्युमिनियमसाठी याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही.

आमच्याकडे त्या लाइनवर एकदा बाहेरून आलेलं गेज बसवलं गेलं. त्याच्या आतला भाग स्टेनलेसऐवजी ॲल्युमिनियमचा निघाला. गेज अडकायला लागलं म्हणून उघडलं, तर आत राखाडी, चिकटसर गाळ. टेबलावर ठेवल्या ठेवल्या तो पांढरा आणि भुसभुशीत होत गेला आणि अल्कोहोलचा वास सुटला. इथॉक्साइडला हवेतला ओलावा मिळाला की त्याचं हायड्रॉक्साइड होतं आणि इथेनॉल मोकळं होतं, तोच तो वास. गाळ पुसल्यावर खाली टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे दिसले, एकमेकांत मिसळलेले. तसंच एक गेज सिव्हच्या अलीकडे होतं, पाणी शिल्लक असलेल्या बाजूला. ते नुसतं मळकट झालं होतं.

आपल्यात रसायनशास्त्राची, गॅरेजची, टाक्यांची माणसं आहेत. त्यांनी भर घालावी.

मृद्गंध

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. दोन शंका. पाणी किती असलं म्हणजे पुरे? आणि याचा अर्थ ई-२० मध्ये थोडं पाणी असणं चांगलं, असा घ्यायचा का? कॉलेजच्या ग्रुपवर हे टाकलं तर पहिला प्रश्न हाच येणार.

आसवनीकर

@मृद्गंध, पहिल्या शंकेचं एकच आकड्यातलं उत्तर नाही. ते तापमानावर ठरतं. नेहमीच्या तापमानाला अगदी कोरड्या इथेनॉलमध्येही ॲल्युमिनियम बराच काळ शांत बसतं. तापमान वाढत गेलं की थर टिकवायला लागणारं पाणीही वाढत जातं. टक्क्याच्या काही दशांशांनीही मोठा फरक पडतो, ही त्यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट.

दुसऱ्या शंकेचं उत्तर ठाम नाही असंच आहे. पेट्रोलच्या टाकीत कुणीही पाणी घालू नका. मी वर बोललो ते तापलेल्या, कोरड्या अल्कोहोलबद्दल. गाडीच्या टाकीत तितकं तापमान नसतं, तिथला धोका वेगळा आहे. १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये साधारण अर्धा टक्का पाणी मिसळून राहू शकतं, ई-२० मध्ये त्याहून थोडं जास्त. त्यापुढे गेलं किंवा गारठा वाढला की पाणी इथेनॉललाच ओढून घेतं आणि दोघं मिळून तळाशी वेगळा थर करतात. त्या थरातून वीज वाहते, त्यात क्षार आणि आम्ल साठतं. टाकी गंजते ती तिथे.

सूक्ष्मदर्शिका

मी रसायनशास्त्र शिकवते. धागाकर्त्यांनी सांगितलेली गोष्ट आमच्या प्रयोगशाळेत उलट्या बाजूने वापरतात, म्हणून लिहिते.

अगदी निर्जल इथेनॉल हवं असलं की जुनी पद्धत अशी: कोरड्या फ्लास्कमध्ये मॅग्नेशियमच्या कातरणी, थोडं इथेनॉल आणि क्रिया सुरू करून द्यायला आयोडीनचा एक स्फटिक. द्रव तपकिरी होतो. हलकं गरम करत राहायचं. काही वेळ काहीच होत नाही आणि मुलांचा धीर सुटायला लागतो. मग एखाद्या कातरणीच्या कडेला बारीक बुडबुड्यांची रांग लागते, तपकिरी रंग फिका होत होत जातो, आणि त्यानंतर फ्लास्क आपलं आपण उकळायला लागतं. मॅग्नेशियमचं इथॉक्साइड बनतं. ते उरलेलं पाणी पकडून हायड्रॉक्साइड होतं आणि इथेनॉल परत देतं. ही पद्धत लुंड आणि बेरुम यांनी १९३१ मध्ये दिली.

यात तुमच्या विषयाशी जोडलेली गोष्ट ही, की सुरुवातीचं इथेनॉल निदान ९९ टक्के असावं लागतं. रेक्टिफाइड स्पिरिट (साध्या ऊर्ध्वपातनाचं इथेनॉल) घेतलं तर कातरणी तशाच पडून राहतात, कितीही आयोडीन घाला. त्यात पाणी पुरेसं असतं आणि मॅग्नेशियमवरचा थर तुटला तरी पुन्हा धरतो. मुलं म्हणतात, 'मॅडम, मॅग्नेशियम खराब आहे.' मॅग्नेशियम ठीक असतं, त्याचं संरक्षण शाबूत असतं.

ॲल्युमिनियमचंही तसंच. ॲल्युमिनियम आयसोप्रोपॉक्साइड बनवताना कोरड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धातू उकळतात, पण क्रिया सुरू व्हायला चिमूटभर मर्क्युरिक क्लोराइड घालावं लागतं. पारा तो थर पृष्ठभागावर धरू देत नाही. थर किती चिवट आहे हे मोजायचं असेल, तर तो मोडायला रसायनशास्त्रज्ञाला पाऱ्यापर्यंत जावं लागतं, एवढं पुरे.

(पाऱ्याची संयुगं विषारी आहेत आणि यात हायड्रोजन सुटतो. घरी कुणी काहीही करून बघू नये, ही कळकळीची विनंती.)

आसवनीकर

ताई, ९९ टक्क्यांची ही अट आणि आमच्या सिव्हच्या अलीकडचं-पलीकडचं गेज म्हणजे एकच गोष्ट. यापेक्षा चांगला पुरावा मला देता आला नसता. मनापासून आभार.

कार्बवाला साताऱ्याचा

गॅरेज आहे. रसायनातलं कळत नाही, दिसतं ते लिहितो.

पावसाळाभर उभ्या राहिलेल्या जुन्या कार्बोरेटरच्या गाड्या येतात. फ्लोट चेंबर (कार्बोरेटरमधली पेट्रोलची वाटी) उघडलं की तळाला पांढरे दाणे, कधी जेलीसारखं काहीतरी. पायलट जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) हमखास चोंदलेलं. पितळी जेट जिथे बॉडीत बसतं तिथे बॉडी कुरतडल्यासारखी दिसते. टाकीच्या तळाला लाल गाळ. रोज फिरणाऱ्या गाडीत हे एवढं दिसत नाही. हे तुमचं कोरडं इथेनॉल का ओलं?

आसवनीकर

दादा, हे ओलं. तुम्ही सांगितलेली प्रत्येक खूण तळाच्या वेगळ्या झालेल्या थराकडे बोट दाखवते. फ्लोट चेंबरला बाहेरच्या हवेची वाट असते. पावसाळ्याची दमट हवा, आत उभं राहिलेलं पेट्रोल, इथेनॉल ओलावा ओढतं, खाली पाणी-इथेनॉलचा थर बसतो. मग पितळ आणि बॉडीचा मिश्रधातू त्या एकाच ओल्या द्रवात आले की दोघांत विद्युतघट तयार होतो आणि पितळाऐवजी बॉडीचा धातू बळी जातो. म्हणून जेटच्या बैठकीपाशीच कुरतडलेलं दिसतं. रोजच्या गाडीत पेट्रोल बदलत राहतं, थर साचायला सवड मिळत नाही.

गाडी उभीच ठेवायची असेल तर फ्लोट चेंबर रिकामं करून ठेवावं. टाकी लोखंडी असेल तर ती भरलेली ठेवावी, म्हणजे आत दमट हवेला जागा कमी राहते.

ब्राझीलचं उदाहरण इथे महत्त्वाचं. तिथे १९७५ मध्ये प्रोअल्कोल कार्यक्रम सुरू झाला आणि १९७९ मध्ये फियाट १४७ ही निव्वळ इथेनॉलवर चालणारी गाडी बाजारात आली. ते इथेनॉल निर्जल नव्हतं, त्यात पाच टक्क्यांच्या आसपास पाणी होतं. पेट्रोलमध्ये मिसळायचं नसल्यामुळे थर वेगळा होण्याचा प्रश्न नव्हता. पण ओल्या इथेनॉलमध्ये जस्ताच्या मिश्रधातूची कार्बोरेटरं टिकेनात, म्हणून त्यांना निकेलचा मुलामा द्यावा लागला. जस्ताचा स्वतःचा थर तिथे कमी पडतो.

ह्यूस्टनकर

टाक्या आणि पाइपलाइनच्या क्षेत्रात आहे, म्हणून दोन गोष्टी. पहिली टायटॅनियमची.

२५ ऑक्टोबर १९६६ रोजी कॅलिफोर्नियात डाउनी इथल्या कारखान्यात अपोलो या चांद्रयानाच्या सर्व्हिस मॉड्यूल ०१७ ची (इंजिन आणि इंधनटाक्यांच्या भागाची) दाबचाचणी चालू असताना टायटॅनियमची इंधनटाकी फुटली. खरं इंधन विषारी, म्हणून चाचणीपुरतं तिच्यात मिथेनॉल भरलं होतं. सुरक्षित म्हणून निवडलेल्या द्रवानेच टाकीला तडा दिला. टायटॅनियमचा ऑक्साइड थर समुद्राच्या पाण्यालाही दाद देत नाही, पण कोरड्या मिथेनॉलमध्ये ताणाखाली तो फुटला की पुन्हा धरत नाही. क्लोराइडचा अंश असेल तर तडा आणखी वेगाने पुढे सरकतो. मिथेनॉलमध्ये साधारण दीड-दोन टक्के पाणी ठेवलं की हे थांबतं, आणि आजही टायटॅनियमच्या सामानातून मिथेनॉल न्यायचं तर पाण्याची किमान मर्यादा पाळतात. ते मॉड्यूल निकामी झाल्यामुळे नोव्हेंबर १९६७ मध्ये अपोलो ४ उडालं ते सर्व्हिस मॉड्यूल ०२० घेऊन.

दुसरी साध्या पोलादाची. अमेरिकेत इंधन-इथेनॉलच्या साठवण टाक्यांच्या तळाला, वेल्डजवळ तडे सापडायला लागले. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने २००३ मध्ये त्यावर अहवाल काढला. चक्रावून टाकणारी बाब ही, की इथेनॉल बनवणाऱ्या कारखान्यांच्या टाक्या ठीक होत्या आणि पुढच्या वितरण डेपोंमधल्या टाक्यांना तडे होते. माल तोच. शोध घेता घेता बोट गेलं विरघळलेल्या ऑक्सिजनकडे. वाहतुकीत, चढ-उतारात इथेनॉल हवा शोषत जातं. प्रयोगात ऑक्सिजन काढून टाकला की तडे थांबतात. पाणी साडेचार-पाच टक्क्यांच्या वर नेलं तरी थांबतात.

मृद्गंध

@ह्यूस्टनकर, इथे मी अडकलो. थर बनतो ऑक्सिजनमुळे, मग ऑक्सिजन आला की पोलादाला तडे का? धाग्यात आतापर्यंत शिकलो त्याच्या बरोबर उलट वाटतंय.

ह्यूस्टनकर

शंका अगदी योग्य जागी आहे. थर अजिबात नसला तर धातू सगळीकडून सारखा झिजतो. इथेनॉलमध्ये ती झीज फार हळू असते, टाकीला काही होत नाही. थर पूर्ण आणि चिवट असला तर काहीच होत नाही. संकट मधल्या अवस्थेत आहे. कमी पाणी आणि हवा शोषलेलं इथेनॉल पोलादाला अर्धामुर्धा थर देतं. वेल्डजवळ ताण शिल्लक असतो, टाकी भरताना-रिकामी होताना तळ वाकतो, तिथे थर चिरतो. चिरेच्या दोन्ही भिंतींवर थर टिकून राहतो, टोकाशी मात्र धातू उघडा. ऑक्सिजनमुळे सगळा मारा त्या टोकावर एकवटतो आणि बाजूला न पसरता सरळ आत जातो. पाणी वाढवलं की टोकावरही थर वेळेत धरतो. ऑक्सिजन काढला की मारा करणारी शक्तीच जाते. दोन्ही उपाय चालतात, दोघांची कारणं वेगळी.

पण पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलमध्ये पाच टक्के पाणी चालत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात टाकीच्या तळाला इपॉक्सीचं अस्तर आणि वेल्डवरचा ताण काढण्यासाठी उष्णतोपचार, हेच मार्ग उरतात.

आसवनीकर

हे आपल्याकडे गांभीर्याने घ्यायला हवं. आपण २०२२ मध्ये १० टक्के मिश्रण गाठलं आणि २०२५ मध्ये २० टक्के. राज्यातल्या कारखान्यांतून निघालेलं इथेनॉल टँकरने डेपोत जातं, तिथे पुन्हा चढ-उतार होते. म्हणजे हवा शोषायला भरपूर संधी. कारखान्याच्या टाकीला काही झालं नाही म्हणून डेपोची टाकी सुरक्षित, असं धरून चालू नये.

कांस्ययुग

विषय थोडा बाजूला नेते, पण थर आणि अल्कोहोल दोन्ही यात आहेत. मी धातूच्या जुन्या वस्तूंच्या जतनाचं काम करते.

जमिनीतून निघालेल्या तांब्या-कांस्याच्या वस्तूंच्या आत क्लोराइड दडलेलं असतं. दमट हवा लागली की फिकट हिरवी पूड फुटायला लागते आणि वस्तू आतून पोखरते. त्यावरचा १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून रुळलेला उपचार म्हणजे बेन्झोट्रायाझोल हे गंजरोधक रसायन. इथेनॉलमध्ये ३ टक्क्यांचं द्रावण करून वस्तू त्यात बुडवतात, शक्यतो निर्वातात, म्हणजे छिद्रांतली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते आणि तिच्या जागी द्रावण शिरतं. इथे थर बाहेरून येतो: बेन्झोट्रायाझोलचे रेणू तांब्याशी जोडले जाऊन साखळीसारखं जाळं विणतात.

अल्कोहोलच का, तर ते कुठेही झिरपतं. पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर, इथेनॉलचा २२. केसाएवढ्या भेगेत पाणी अडून बसतं, इथेनॉल आत जातं आणि नंतर लवकर उडूनही जातं. उपचारानंतर वस्तू बाहेर काढली की पृष्ठभागावर जास्तीच्या रसायनाचे पांढरे सुईसारखे स्फटिक उमटतात. ते इथेनॉलच्या बोळ्याने हलक्या हाताने टिपून घ्यायचे, चोळायचं नाही. चोळलं की पॅटिना (धातूवर काळाने आलेला थर) जातो, आणि तो एकदा गेला की परत आणता येत नाही. वर ॲक्रिलिकचा लेप देतात, कारण नुसता हा थर कायमचा पुरत नाही. रसायन अपायकारक आहे, हातमोजे आणि हवेशीर जागा लागतेच.

कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पॉसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती टाऊन हॉल संग्रहालयात आहे. ती बघताना माझ्या मनात नेहमी येतं, की अशा वस्तूला दोन हजार वर्षं राखलंय ते तिच्या अंगावरच्या थरानेच. आपण त्याला जपणं एवढंच करू शकतो.

अंगणवेल

खूप छान माहिती. माझा साधा प्रश्न: देवघरातली पितळी समई स्पिरिटने पुसली तर चकाकी टिकते का?

कांस्ययुग

अंगणवेलताई, स्पिरिटने तेलाचा चिकटा निघतो, संरक्षण काही मिळत नाही. समई दुकानातून लॅकर लावून आलेली असेल तर जपा. काही लॅकर लाखेचे असतात, लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि ठिपक्याठिपक्यांनी निघते. मग उघडी पडलेली जागा तेवढी काळवंडते. आधी बुडाच्या आतल्या बाजूला, दिसणार नाही तिथे थेंबभर लावून बघा.

कार्बवाला साताऱ्याचा

माझ्या उत्तराबद्दल धन्यवाद. फ्लोट चेंबर रिकामं करायचं गिऱ्हाइकांना सांगायला लागलोय. एकच विचारतो, कूलंटमध्ये पण ग्लायकॉल असतं ना? ते पण अल्कोहोलच म्हणतात. गिऱ्हाईक नळाचं पाणी ओततं आणि रेडिएटर गळायला लागतो.

सूक्ष्मदर्शिका

हो, ग्लायकॉल अल्कोहोलच्याच कुळातलं. तापून तापून, हवा लागून त्याचं हळूहळू आम्ल होतं, म्हणून कूलंटमध्ये गंजरोधक घातलेले असतात. सिलिकेट असेल तर ॲल्युमिनियमवर सगळीकडे पातळ लेप बसतो. सेंद्रिय आम्लांच्या क्षारांचं कूलंट जिथे गंज सुरू होतो तिथेच जाऊन अडवतं. नळाच्या पाण्यातलं क्लोराइड ॲल्युमिनियमचा थर जागोजाग फोडतं आणि जास्तीच्या पाण्याने गंजरोधकही विरळ होतात. बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटरच घालायला सांगा, आणि दोन प्रकारचे कूलंट मिसळू नका.

मृद्गंध

@आसवनीकर, शेवटचं विचारतो. टक्क्याच्या दशांशाने फरक पडतो म्हणालात, मग तेवढं पाणी मोजता कसं? हायड्रोमीटरने (घनता मोजणाऱ्या नळीने)?

आसवनीकर

हायड्रोमीटर तिथपर्यंत पोचत नाही. त्यासाठी कार्ल फिशर अनुमापन. पाण्याचा रेणू आयोडीनशी ठरलेल्या प्रमाणात संयोग पावतो, त्यामुळे किती आयोडीन खर्ची पडलं त्यावरून पाणी कळतं, अगदी दहा लाख भागांत काही भागांपर्यंत. नमुना घेताना मात्र काळजी हवी. बाटली ओव्हनमध्ये वाळवलेली, वरपर्यंत भरलेली, झाकण लगेच घट्ट. जुलैमध्ये बाटली अर्धी भरून उघडी ठेवली तर आकडा टाकीचा न येता प्रयोगशाळेतल्या हवेचा येतो.

पाण्याबरोबर क्लोराइड आणि आम्लताही बघायची. नुसत्या पाण्याच्या आकड्यावरून थर टिकेल की नाही ते सांगता येत नाही, कारण क्लोराइड वाढलं की त्याच पाण्यात थर फुटतो. @ह्यूस्टनकर, डेपोच्या टाक्यांचं अस्तर किती वर्षांनी तपासता आणि तळाच्या वेल्डची तपासणी कुठल्या पद्धतीने करता, ते सवडीने लिहा. आमच्याकडे नवीन टाकीचा तळ पुढच्या गळीत हंगामाआधी घालायचा आहे. वेल्डच्या उष्णतोपचाराचा मुद्दा मी निविदेत घालायला सांगणार आहे.